शेवट ठाऊक असलेला माणूस

सिनेमा मनापासून पाहणारी चार माणसं एकत्र बसली की हा वाद केव्हातरी निघतोच. पार्श्वसंगीत देणाऱ्यांत सगळ्यांत थोर कोण? कुणी जॉन विल्यम्स म्हणतं, कुणी एन्निओ मॉरिकोने. तमिळ चित्रपटांवर वाढलेला कुणी असला तर तो इलयराजापुढे दुसरं नाव घेऊ देत नाही. तरुण मंडळी हान्स झिमरवर ठाम असतात. आवाज चढतात, रात्र होते, निकाल लागत नाही आणि सगळे उठून घरी जातात.

हा वाद फुकटचा आहे असं मला कधीच वाटलं नाही. फक्त तो चारचौघांत घालण्यापेक्षा एकट्यानं, सावकाश, मनातल्या मनात घालावा असं वाटतं. चारचौघांत आपण नावाची बाजू राखत बसतो. एकटे असलो की ते नाव आपल्याला का सुचलं, हेही पाहता येतं. आज तसंच करू या. घाई अजिबात नको. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, एखादा प्रसंग पुन्हा पाहावासा वाटला तर पाहून या.

आधी एवढंच करा. प्रश्न मनात ठेवा आणि पहिलं नाव येऊ द्या. आलं की ते उच्चारू नका, नुसतं धरून ठेवा, आणि ते कशाचं बोट धरून आलं ते पाहा. बहुतेकांच्या मनात नावाच्या आधी एखादी धून येते. 'स्टार वॉर्स'मधली तुताऱ्यांची ललकारी, 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधली शीळ, 'गॉडफादर'मधली ती उदास चाल. धून येते आणि पाठोपाठ ती पहिल्यांदा ऐकली तेव्हाचं आपलं वय येतं. शाळेचं शेवटचं वर्ष, कॉलेजचे दिवस, एखादं बंद पडलेलं थिएटर. त्या वयावर आपलं प्रेम असतं आणि ते प्रेम आपण संगीतकाराच्या खात्यावर जमा करतो. ते वय बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच जमत नाही. ते तिथे आहे एवढं ओळखा आणि पुढे चला.

आता ती धूनच जरा हातात घेऊन पाहू. 'गॉडफादर'चीच घेऊ. 1972 च्या या चित्रपटाच्या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि नंतर ते काढून घेण्यात आलं. कारण त्यातली ती प्रसिद्ध प्रेमधून संगीतकार निनो रोता यांनी 1958 च्या 'फोर्तुनेल्ला' या इटालियन चित्रपटात आधीच वापरली होती. तिथे ती जलद, उड्या मारत जाणारी, हलक्याफुलक्या प्रसंगाला साजेशी होती. नियमावर बोट ठेवणाऱ्यांचं त्यांच्या परीनं बरोबर होतं. आपण मात्र या गोष्टीपाशी जरा रेंगाळू. स्वर तेच, माणूस तोच. पहिल्या वेळी जगानं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. चौदा वर्षांनी तिची लय संथ झाली, ती एका सिसिलियन घराण्याच्या गोष्टीत येऊन बसली, आणि आज ती ज्यानं चित्रपट पाहिलेला नाही त्यालाही ओळखू येते. मग थोरपण धुनेत होतं, असं म्हणता येईल का? मला तरी म्हणता येत नाही. धून कुठे ठेवली, कोणत्या गतीनं ठेवली आणि तिच्यापुढे काय घडत होतं, यात ते होतं.

म्हणजे नुसती गुणगुणता येणारी धून हे माप पुरेसं नाही. आपल्याकडे ही गोष्ट पटायला जास्त वेळ लागतो, कारण संगीतकार म्हटलं की आपल्याला चाली आठवतात. गाणी झाली की उरलेल्या कामाला आपल्या स्टुडिओंत नुसतं 'बॅकग्राउंड' म्हणत. मोठ्या नावाचा संगीतकार गाण्यांच्या सिटिंगमध्ये रमायचा आणि बॅकग्राउंडचा बराच भार अनेकदा सहायकांवर पडायचा. तरीही आपल्याकडे चांगलं पार्श्वसंगीत झालंच नाही असं नाही. 'कानून' (1960) आणि 'इत्तेफाक' (1969) या दोन चित्रपटांत एकही गाणं नाही, आणि दोन्हींना संगीत सलील चौधरींचं आहे. गाण्याचा आधार काढून घेतल्यावर हा माणूस काय करतो ते तिथे ऐकायला मिळतं. वनराज भाटिया लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आले आणि त्यांनी 'मंथन', 'भूमिका', 'तमस' यांना त्या त्या गोष्टीच्या मातीचा आवाज दिला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये भास्कर चंदावरकरांनी चित्रपटसंगीत हा विषय शिकवला आणि 'सामना'पासून मृणाल सेनांच्या 'खंडहर'पर्यंत तो करूनही दाखवला. ही नावं वादात क्वचित निघतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एक प्रयोग. तुमच्याकडे 'सायको' (1960) असेल तर काढा, नसेल तर मनासमोर आणा. फिनिक्स शहरातल्या एका कचेरीत काम करणारी मॅरियन चाळीस हजार डॉलर चोरून गाडीनं पळाली आहे. रात्र झाली आहे, पाऊस लागला आहे. पडद्यावर एवढंच दिसतं: तिचा चेहरा, समोरची काच, काचेवरचे वायपर, येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचे झोत. आवाज पूर्ण बंद करून हा प्रसंग पाहा. काय दिसतं? एक दमलेली बाई रात्रीची गाडी चालवते आहे. तिच्या मागावर कुणी नाही, रस्त्यात धोका नाही, ती फक्त पुढे चालली आहे. दोन मिनिटं हे असंच पाहत राहा.

आता आवाज सुरू करा. बर्नार्ड हरमन यांनी या सबंध चित्रपटाला फक्त तंतुवाद्यं दिली. ब्रास नाही, बासरी नाही, ढोल नाही. कृष्णधवल चित्राला तसाच एकरंगी नाद. श्रेयनामावलीच्या वेळी ऐकलेले व्हायोलिनचे टोचणारे, थांबायला तयार नसलेले स्वर इथे परत येतात आणि तीच दमलेली बाई, तीच काच, तोच पाऊस आपल्याला बघवत नाही. पोटात गोळा येतो. स्वतःला विचारा, हे भय आलं कुठून? चित्रात ते नाही. मॅरियनलाही ते माहीत नाही. तिला चिंता आहे ती पोलिसांची आणि साहेबांची. पुढे रस्त्याकडेला एक मोटेल आहे आणि तिथे तिचं काय होणार आहे, हे त्या क्षणी एकाच माणसाला ठाऊक आहे. ज्यानं संगीत लिहिलं त्याला.

इथे थांबा. माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. पात्रांना शेवट माहीत नसतो. नटाला तो माहीत असला तरी माहीत नसल्यासारखं वागावं लागतं. कॅमेऱ्याला समोर असेल तेवढंच दिसतं. पार्श्वसंगीतकार मात्र बहुतेक वेळा पूर्ण झालेला चित्रपट पाहून लिहायला बसतो. कोण मरणार, कोण फसवणार, कोण परत येणार, हे त्याला पहिला स्वर लिहिण्याच्या आधीपासून कळलेलं असतं. आणि प्रेक्षकाच्या कानाशी तो सतत असतो. हे केवढं मोठं सामर्थ्य आहे याचा जरा विचार करा. शेवट ठाऊक असलेला माणूस शेवट ठाऊक नसलेल्या माणसाशेजारी दोन तास बसलेला आहे. तो सांगून टाकेल, लपवेल, चुकीच्या दिशेला नेईल किंवा गप्प राहील. सामान्य संगीतकार हे ज्ञान उधळून टाकतो. खलनायक दाराशी यायच्या आत धडामकन काहीतरी वाजवतो, आई दिसली की बासरी सुरू करतो. थोर संगीतकार ते कसं सांभाळतो, हे पाहणं म्हणजे या प्रश्नावर खऱ्या अर्थानं मनन करणं.

या नजरेनं 'जॉज' (1975) पाहा. जॉन विल्यम्स यांनी शार्कसाठी लिहिलेले ते दोन स्वर. त्यांनी ते पियानोवर पहिल्यांदा वाजवून दाखवले तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गना थट्टाच वाटली होती आणि ते हसले होते. सगळे त्या दोन स्वरांच्या साधेपणाबद्दल बोलतात. मला त्यातला प्रामाणिकपणा अधिक मोठा वाटतो. चित्रपटाच्या मध्यावर दोन पोरं पुठ्ठ्याचा पर पाण्यावर धरून लोकांना घाबरवतात. किनाऱ्यावर हलकल्लोळ उडतो. तेव्हा ते दोन स्वर वाजत नाहीत. खरा शार्क खाडीत शिरतो तेव्हा वाजतात. आपल्या मनात नकळत एक करार होतो: स्वर आले तर शार्क आहे, नाही आले तर नाही. आणि हा करार पक्का झाल्यावर पुढे एकदा, बोटीवरून पाण्यात मांसाचे तुकडे टाकले जात असताना, शार्क एकही स्वर न वाजता अचानक तोंड वर काढतो. थिएटरात लोक खुर्चीतून उठले ते त्या न वाजलेल्या स्वरांमुळे. आपल्या ज्ञानाचा असा हिशेब ठेवणारा माणूस मोठाच असला पाहिजे. पाच ऑस्कर वगैरे नंतरची गोष्ट.

आता एक कठीण प्रसंग. तो मनासमोर आणायला धीर लागतो.

'पथेर पांचाली' (1955). हरिहर बऱ्याच दिवसांनी गावी परततो. वादळानं घर मोडलं आहे. तो पिशवीतून एकेक वस्तू काढून बायकोला, सर्वजयाला, दाखवतो, आणि मग मुलीसाठी, दुर्गासाठी, आणलेली साडी काढतो. दुर्गा गेली आहे. हे त्याला माहीत नाही. सर्वजयाला माहीत आहे आणि आपल्याला माहीत आहे. ती साडी तोंडात कोंबते आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडं फुटतं. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचा चेहरा पिळवटून निघतो, पण आवाज तिचा येत नाही. त्या जागी तारशहनाई येते. वरच्या पट्टीत, पटदीप रागात, गळ्यातून निघावी तशी.

दोनदा पाहिलात तर लक्षात येईल की इथे संगीत रडण्याला साथ करत नाही. रडणं काढून घेऊन त्याच्या जागी संगीत ठेवलं आहे. प्रत्यक्ष किंकाळी ऐकली असती तर ती त्या बाईची राहिली असती. तारशहनाईत ती कुणाचीही होते. मी मोठा श्रोता असल्याचा दावा करत नाही, पण जगातल्या चित्रपटसंगीताची दोनच मिनिटं जपून ठेवा असं कुणी सांगितलं तर मी ही दोन मिनिटं उचलीन.

आणि इथेच प्रश्नाची दुसरी बाजू उघडी पडते. ही दोन मिनिटं कुणाची? संगीत पंडित रविशंकरांचं. ते दौऱ्यांत गुंतलेले होते. त्यांनी सबंध चित्रपट न पाहता बहुतेक संगीत एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित करून दिलं. किंकाळीच्या जागी वाद्य ठेवायचं हे ठरवलं दिग्दर्शक सत्यजित रायांनी. आणि ती तारशहनाई वाजवली दक्षिणामोहन ठाकूर यांनी. त्याच चित्रपटात मिठाईवाल्याच्या मागे मुलं धावतात तिथली सतार छायाचित्रकार सुब्रत मित्रांची आहे. आता 'थोर कोण' या प्रश्नात 'कोण' हा एकवचनी शब्द टिकतो का? राय पुढे 1961 च्या 'तीन कन्या'पासून आपल्या चित्रपटांचं संगीत स्वतःच करू लागले. ज्याला शेवट ठाऊक आहे त्यानंच स्वर लिहावेत, असं त्यांना वाटलं असावं.

हा धागा आपल्या जवळ, मुंबईपर्यंत आणू. हिंदी चित्रपटाच्या सोनेरी काळातला तो भरगच्च वाद्यवृंद आठवा. तो कागदावर कोण उतरवत होतं? बरेचदा गोव्याहून आलेले संगीतकार. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांमधून गोव्यातल्या मुलांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. हे शिक्षण घेऊन ही मंडळी मुंबईत आली. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर होते. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. त्याच गुरूंचं नाव 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात आलं आणि देशभर गाजलं, पण ज्या नावावर आपण नाचलो तो खरा माणूस कोण, हे फार थोड्यांना माहीत होतं. चाल संगीतकाराची असायची. तिच्याभोवती कुठे चेलो येईल, कुठे व्हायोलिनचा ताफा उठेल, कुठे बासरी एकटी राहील, हे या लोकांच्या हातून कागदावर यायचं. त्यातल्या बहुतेकांची नावं पडद्यावर आली नाहीत. वाजवणाऱ्यांचंही तेच. 'शोले'त जय व्हरांड्यात हार्मोनिका वाजवतो आहे आणि हवेलीतली राधा एकेक दिवा मालवते आहे. राहुलदेव बर्मननी तिथे किती थोडकं ठेवलं आहे! एक हार्मोनिका आणि एक विझत जाणारा दिवा. त्या दोघांचं काही होणार नाही, हे त्या धुनेला पहिल्यापासून कळलेलं आहे. ती हार्मोनिका भानू गुप्तांनी वाजवली आहे. हे नाव इथे मुद्दाम लिहितो आहे.

वाद घालताना आपण एक नाव घेतो तेव्हा त्या नावाखाली किती माणसं उभी असतात, याची आठवण ठेवून पुढे जाऊ.

पुढचा थांबा नीरव आहे. शेवट ठाऊक असूनही गप्प राहणं, ही या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट असावी, आणि तिची दोन ठळक उदाहरणं मराठीत आहेत. 1937 साली प्रभातचा 'कुंकू' आला. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, संगीत केशवराव भोळ्यांचं. त्या काळी बोलपट नवा होता आणि पडदाभर वाजवत राहण्याची हौस होती. 'कुंकू'त पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. त्या घरात, त्या रस्त्यावर जे आवाज असतील तेच. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेली नीरा, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. काय वाटावं हे सांगायला कुणी मदतीला येत नाही. आपण त्या घरात नीरेबरोबर अडकतो. संगीत देणारा माणूस न देण्याच्या निर्णयात सामील होतो, तेव्हा तोही संगीतच देत असतो असं मला वाटतं.

दुसरं 'सैराट' (2016). अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. उसाच्या रानातून, विहिरीवरून, करमाळ्याच्या रस्त्यांवरून तो वाहत राहतो. आर्ची आणि परश्याच्या प्रेमाला जगातला सगळ्यात मोठा वाद्यवृंद कमी पडावा, असं ते संगीत आहे. आणि शेवटी शेजारणीकडून परत आलेलं त्यांचं मूल दारातून आत येतं तेव्हा काहीही ऐकू येत नाही. मूल रडतं, तेही ऐकू येत नाही. लाल पावलं उमटत जातात. मी तो चित्रपट भरलेल्या थिएटरात पाहिला. गाण्यांवर नाचलेली तीच पोरं खुर्चीला खिळून बसली होती. आधीचे दोन तास तेवढे भरलेले नसते तर ही पोकळी एवढी खोल झाली नसती. हे श्रेय फक्त दिग्दर्शक नागराज मंजुळेंचं की संगीतकारांचंही? दोघांचं, असंच मला म्हणावंसं वाटतं.

आता इलयराजांकडे येऊ. त्यांच्याबद्दल लोक आकडे सांगतात: हजाराहून अधिक चित्रपट, एका दिवसात पुरं केलेलं काम. आकड्यांनी मी फारसा हलत नाही. वाद्य हाती न घेता सरळ कागदावर सबंध वाद्यवृंदाची स्वरलिपी लिहीत जाणं मात्र मला विलक्षण वाटतं, कारण त्याचा अर्थ असा की दृश्य पाहतानाच त्यांना ते पूर्ण ऐकू येतं. तुम्हाला तमिळ येत नसेल तर फारच उत्तम. मणिरत्नमचा 'नायकन' (1987) काढा, उपशीर्षकं बंद करा. गोष्ट आपल्या मुंबईतली, धारावीतली आहे, वाटा ओळखीच्या वाटतील. सुरुवातीला बापाविना पोरकं झालेलं पोर आणि एक अंगाईसारखं लोकधुनेचं गाणं. ती धून चित्रपटभर रूप बदलत येत राहते. मुलगा वाढतो, भीतीचं दुसरं नाव होतो, माणसं गमावतो, आणि ती धून त्याच्या मागे मागे जाते. शेवटी ती येते तेव्हा भाषेचा एक शब्द न कळताही आपल्याला कळतं की हा म्हातारा अजून तेच पोर आहे. हे ज्ञान संगीताला पहिल्या रिळापासून होतं. माझ्या यादीत त्यांची जागा हरमनच्या शेजारी आहे, एक पायरीही खाली नाही.

आणि आता मी जिथे येऊन थांबतो तो चित्रपट. तुम्ही 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968) पाहिला नसेल तर पुढचा मजकूर आज वाचू नका. आधी चित्रपट पाहा. त्यातलं गुपित मला उघडावं लागणार आहे.

एन्निओ मॉरिकोने आणि दिग्दर्शक सर्जिओ लिओने लहानपणी रोममध्ये एकाच वर्गात होते. मोठेपणी भेटले आणि त्यांनी एक उलटी पद्धत बसवली. या चित्रपटाचं संगीत चित्रीकरणाआधी लिहिलं गेलं आणि सेटवर ते वाजवून नटांनी त्या लयीत चालायचं, थांबायचं. तरीही चित्रपट उघडतो तो संगीताशिवाय. एक ओसाड रेल्वे स्टेशन, वाट पाहणारे तीन मारेकरी, कुरकुरणारी पवनचक्की, टोपीवर पडणारा पाण्याचा थेंब, तोंडावर घोंघावणारी माशी. कितीतरी मिनिटं एवढंच. गाडी येते, निघून जाते. पलीकडे एक माणूस उभा असतो, आणि पहिला संगीताचा स्वर येतो तो त्याच्या हार्मोनिकातून. बेसूर, ओढल्यासारखा, श्वास कोंडल्यासारखा. त्या माणसाला नाव नाही. तो बोलण्याऐवजी हे वाजवतो. जिथे जिथे खलनायक फ्रँकची सावली पडते तिथे तिथे तो स्वर येतो. आपल्याला वाटतं ही त्या माणसाची खूण आहे, शैली आहे.

चित्रपटाच्या शेवटी, द्वंद्वाच्या क्षणी, जुनी आठवण उघडते. एका कमानीखाली एक मुलगा उभा आहे. त्याच्या खांद्यावर त्याचा मोठा भाऊ, भावाच्या गळ्यात फास. मुलाचे पाय डळमळले की भाऊ मरणार. आणि तरुण फ्रँक हसत हसत त्या मुलाच्या तोंडात हार्मोनिका कोंबतो. मुलगा धापा टाकतो आहे आणि त्या धापा हार्मोनिकातून बाहेर पडताहेत. आपण अडीच तास जी धून ऐकत होतो, ती धून नव्हतीच. तो त्या मुलाचा श्वास होता.

जरा बसा इथे. हे कळल्यावर मागे वळून सबंध चित्रपट पुन्हा ऐका, मनातल्या मनात. प्रत्येक वेळी ती हार्मोनिका आली तेव्हा ते मूल तिथे उभं होतं. संगीताला पहिल्या स्वरापासून ठाऊक होतं. त्यानं लपवलं नाही, उघड आपल्या कानात वाजवलं, तरीही वेळ येईपर्यंत आपल्याला कळू दिलं नाही. शेवटचं ज्ञान इतक्या संयमानं वाहून नेलेलं दुसरं पार्श्वसंगीत मला ठाऊक नाही. ती हार्मोनिका वाजवली फ्रांको दे जेमिनी यांनी. वाद्यरचना मॉरिकोने स्वतः करत, ती दुसऱ्याच्या हाती देत नसत.

मानसन्मानांनी हा निकाल लागला असता तर तो वेगळा लागला असता. हरमनच्या 'व्हर्टिगो' आणि 'सायको' यांच्या संगीताला ऑस्करचं नामांकनही मिळालं नव्हतं. मॉरिकोनेंना 'द मिशन'साठी (1986) तो मिळाला नाही. 2007 मध्ये सन्मान म्हणून दिला गेला, आणि स्पर्धेतला ऑस्कर 'द हेटफुल एट'साठी 2016 साली, वयाच्या 87 व्या वर्षी मिळाला. 2020 साली ते रोममध्येच वारले.

तेव्हा माझं मत एन्निओ मॉरिकोने यांना, आणि ते 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधल्या त्या हार्मोनिकासाठी. हरमन आणि इलयराजा त्यांच्या दोन बाजूंना. तुमचं नाव वेगळं असेल तर मला ते ऐकायचं आहे. फक्त नावाबरोबर एक प्रसंगही सांगा, म्हणजे मलाही तो काढून शांतपणे पाहता येईल.